आरोप झाल्यावर लेबलनं मानसिक आरोग्य संस्थेसाठी अल्बम काढला, तर तो घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या आवडत्या इंडी (मोठ्या कंपन्यांशी न जोडलेल्या) बँडच्या गिटारवादकावर दोन मुलींनी लैंगिक छळाचे आरोप केले. बँडची गाणी प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीनं, म्हणजे लेबलनं, छोटं निवेदन काढलं, त्यात "तो सध्या मानसिक त्रासातून जातोय, समजून घ्या" असं लिहिलं. पुढच्याच महिन्यात त्याच लेबलनं आपल्या सगळ्या बँडची गाणी घेऊन एक संग्रह काढला आणि "सगळं उत्पन्न मानसिक आरोग्यासाठी" असं जाहीर केलं. घेतला तर लेबलला साथ दिल्यासारखं वाटेल, नाही घेतला तर चांगल्या कामाचे पैसे बुडतील, अशी तुमची कोंडी झाली आहे.

माझं स्पष्ट मत: संग्रह घेऊ नका. त्यावर जेवढे पैसे घालणार होतात तेवढे मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला थेट पाठवा. संस्थेचं काही बुडत नाही, उलट तिच्या हातात जास्त पडतात. मी एका लहान लेबलचे हिशेब बघते, मदतीसाठीचे अल्बम आम्हीही काढले आहेत, म्हणून पैशांपासूनच सुरुवात करते.

बँडकॅम्प या गाणी विकण्याच्या संकेतस्थळावर डिजिटल अल्बम विकला की १५ टक्के बँडकॅम्प ठेवतं. टीशर्ट, कॅसेट, रेकॉर्ड अशा वस्तूंवर १० टक्के. त्याशिवाय पैसे वळते करणाऱ्या कंपनीचं शुल्क वेगळं. म्हणजे १० डॉलरच्या अल्बममधले दीड डॉलर पहिल्याच पायरीला गेले. इथवर ठीक आहे, हे सगळ्यांनाच द्यावं लागतं. खरी गोम पुढच्या शब्दांत असते. "सगळं उत्पन्न" म्हणजे खात्यात आलेली पूर्ण रक्कम, की खर्च वजा जाता उरलेली? मास्टरिंग (गाण्यांच्या ध्वनीवरचा शेवटचा हात), कव्हरचं चित्र, प्रेसिंग (रेकॉर्डची छपाई), खोकी, टपाल हे सगळं आधी वजा केलं, तर कमी प्रतींच्या विनाइल रेकॉर्डवर संस्थेसाठी एक पैही उरत नाही. बहुतेक प्रती खपल्याशिवाय छपाईचाच खर्च निघत नाही. यात कुणी चोरी करतं असं नाही. पण घेणाऱ्याला वाटतं आपले १० डॉलर संस्थेला गेले, आणि प्रत्यक्षात ते प्रेसिंग कारखान्याचं बिल भागवतात.

नीट काम करणारं लेबल काय लिहितं ते सांगते. आम्ही अल्बमच्या पानावरच संस्थेचं पूर्ण नाव देतो. विक्री कोणत्या तारखेपर्यंतची धरणार, बँडकॅम्पचा वाटा सोडून दुसरं काय वजा करणार (शक्यतो काहीच नाही, तयारीचा खर्च लेबलनं सोसायचा) आणि पावती कधी लावणार, हेही तिथेच असतं. मग त्या तारखेला विक्रीचा अहवाल उतरवून घ्यायचा, रक्कम पाठवायची आणि पावतीचा फोटो त्याच पानावर चढवायचा. हिशेबाच्या तक्त्यात या पैशांना स्वतंत्र रकाना ठेवायचा, नाहीतर ते दुसऱ्या बँडच्या छपाईत कधी विरघळले ते कळतही नाही. तुम्ही सांगता त्या संग्रहावर संस्थेचं नावच नसेल आणि नुसतं "मानसिक आरोग्यासाठी" असेल, तर ते वचन कुणाला दिलंय हेच ठरलेलं नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये तर हे कायद्यात आहे. धर्मादाय संस्थेच्या नावावर माल विकणाऱ्या व्यावसायिकानं त्या संस्थेशी लेखी करार करावा आणि किती पैसे तिला जाणार ते गिऱ्हाइकाला सांगावं, असं १९९२च्या चॅरिटीज अ‍ॅक्टमध्ये आहे. तिथल्या नोंदणीकृत संस्थांची यादीही कुणालाही फुकट बघता येते. अमेरिकेत करमुक्त संस्थांचं वार्षिक विवरणपत्र, फॉर्म ९९०, सार्वजनिक असतं. पण साधारणपणे त्यात देणगीदारांची नावं जाहीर होत नाहीत, त्यामुळे एखाद्या लेबलनं खरंच पैसे दिले का हे त्यावरून कळत नाही. शेवटी पावतीच लागते. आणि संस्थेला दोन ओळींची मेल टाकायला कुणाची परवानगी नको: "तुमच्या नावानं अमुक लेबल अल्बम विकतंय, तुम्हाला माहीत आहे का, आणि त्यांच्या गिटारवादकावर कोणते आरोप आहेत हे त्यांनी कळवलंय का?" पुष्कळ संस्थांची देणगी नाकारण्याबाबत लेखी धोरणं असतात. आपलं नाव कुणाच्या बचावासाठी वापरलं जातंय हे कळण्याचा हक्क त्यांना आहे.

आता पैशांपलीकडचं. समजा हिशेब चोख आहे आणि प्रत्येक पै पोचली. तरी त्या संग्रहात त्या दोन मुली कुठे आहेत? त्यांना त्रास झाला एका माणसाकडून, आणि पैसे चालले तिसऱ्याच ठिकाणी. लेबलला त्यांच्याशी बोलावं लागलं नाही, बँडच्या टूरबद्दल निर्णय घ्यावा लागला नाही, कुणाला काय कधी कळलं होतं हे सांगावं लागलं नाही. देणगी कितीही मोठी असो, ती या कामांची जागा घेऊ शकत नाही.

याच संगीतविश्वात याहून बरी वागणूक दिसलेली आहे. २०१७च्या मे महिन्यात पॉलिव्हिनाइल या अमेरिकन लेबलच्या एका बँडवर, नवा अल्बम बाहेर पडण्याच्या सुमाराला, लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले. लेबलनं अल्बमची विक्री थांबवली, घेतलेल्यांना पैसे परत देऊ केले आणि लैंगिक अत्याचारग्रस्तांसाठी काम करणाऱ्या रेन या संस्थेला व हिंसाविरोधी काम करणाऱ्या दुसऱ्या एका संस्थेला देणगी जाहीर केली. यात क्रम बघा. आधी स्वतःचा धंदा थांबवला, मग ऐकणाऱ्यांचे पैसे परत, आणि देणगी त्या संस्थांना ज्यांचं काम झालेल्या इजेशी थेट जोडलेलं आहे. तुमच्या लेबलनं मानसिक आरोग्य निवडलं, कारण त्या शब्दात आरोपी, तक्रारदार, चाहते सगळेच मावतात आणि कुणी काय केलं ते बोलावं लागत नाही. लेबलच्या मनात हेच होतं का, ते मी कसं सांगणार? पण परिणाम तोच होतो.

उलट उदाहरण बर्गर रेकॉर्ड्सचं. कॅलिफोर्नियातलं हे गाजलेलं इंडी लेबल. जुलै २०२०मध्ये अनेक स्त्रियांनी त्या लेबलशी संबंधित बँडमधल्या लोकांबद्दल तक्रारी मांडल्या, आणि त्यांतल्या काही जणी घटनांच्या वेळी अल्पवयीन होत्या. लेबलनं माफी मागितली, एका संस्थापकानं पद सोडलं, नाव बदलायचं ठरलं आणि त्रास झालेल्यांच्या समुपदेशनासाठी निधी बाजूला ठेवू असं सांगितलं. त्यानंतर काही दिवसांतच लेबल बंद पडलं. वचन देणारंच उरलं नाही.

पण लेबल टिकलं असतं तरी त्या निधीत एक अडचण होती आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. लेबलनंच समुपदेशनाचा निधी चालवायचा म्हणजे काय होतं? जिला त्रास झाला तिनं त्याच लोकांना मेल लिहायची, माझ्यासोबत हे घडलं म्हणून. त्यांनी ते खरं मानायचं की नाही ते ठरवायचं. तिनं थेरपिस्टचं बिल पाठवायचं, त्यावर तिचं नाव, तारीख, सेशनची संख्या. म्हणजे ज्यांच्यापासून ती लांब जायला बघतेय त्यांच्या मेलबॉक्समध्ये तिच्या उपचारांची फाइल तयार होते. यात वाईट हेतू असायचीही गरज नाही, एवढंच पुरेसं भयंकर आहे.

हे असं करता येतं: लेबलनं ठरावीक रक्कम एकदाच, परत न घेण्याच्या अटीवर, लेबलशी संबंध नसलेल्या संस्थेकडे द्यायची. ती मुलगी त्या संस्थेशी बोलेल. थेरपिस्ट तिचा ती निवडेल, बिल संस्थेकडे जाईल, लेबलला फक्त "निधीतून इतके खर्च झाले" एवढाच आकडा कळेल. पैशांच्या बदल्यात गप्प राहण्याचा कागद सही करून घ्यायचा नाही. आणि दोन-चार सेशनवर हा विषय मिटत नाही, तेव्हा रक्कम वर्षभराचा विचार करून ठेवायची. लहान लेबलला हे जड जाईल हे मला ठाऊक आहे. मग संग्रहाचे पैसे इथे का नाही वळवले, हा प्रश्न तुम्ही त्यांना विचारा. मला तरी त्याचं चांगलं उत्तर सुचत नाही.

त्या गिटारवादकाच्या मानसिक त्रासाबद्दल तुम्ही हळवेपणानं लिहिलंय, आणि तो भाग सोडून पुढे जाणं बरोबर नाही. त्याला खरंच त्रास होत असेल. जाहीर आरोप झाल्यावर माणूस कोसळू शकतो, जीव द्यायचे विचारही येऊ शकतात, आणि त्याच्या जवळच्यांनी ते गंभीरपणे घ्यावं: एकटं सोडू नये, थेट विचारावं, डॉक्टरकडे न्यावं. ब्रिटनमध्ये हेल्प म्युझिशियन्स या धर्मादाय संस्थेनं २०१७मध्ये सुरू केलेली म्युझिक माइंड्स मॅटर ही हेल्पलाइन संगीतात काम करणाऱ्या कुणासाठीही आहे. तशी मदत त्याला मिळावी असं मी मनापासून म्हणते. पण त्याचे उपचार ही त्याची आणि त्याच्या डॉक्टरची खाजगी गोष्ट. ती निवेदनात घातली की तिचा उपयोग बदलतो. "बोललात तर त्याला काही होईल" हे ओझं त्या दोन मुलींच्या डोक्यावर येतं. त्याच्या जिवाची जबाबदारी त्यांच्यावर टाकणं हा त्यांच्यावर दुसरा अन्याय आहे.

शिवाय असं निवेदन आजारी असलेल्या बाकीच्या सगळ्यांना डाग लावतं. नैराश्य, चिंता, बायपोलर घेऊन जगणारे बहुसंख्य लोक कुणालाही इजा करत नाहीत. त्यांनाच इजा होण्याचा संभव जास्त असतो. त्याच लेबलवरची एखादी ड्रमर गोळ्या घेऊन टूर करत असेल, तर तिनं ते निवेदन वाचून काय समजायचं?

संगीतातल्या मानसिक आरोग्याच्या संस्था कशातून उभ्या राहिल्या तेही बघा. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात परायाह या बँडचा बेसिस्ट सिम्स एलिसन १९९५मध्ये आत्महत्येनं गेला, आणि त्याच वर्षी घरच्यांनी व मित्रांनी सिम्स फाउंडेशन सुरू केलं. ते आजही तिथल्या वादकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना समुपदेशन मिळवून देतं. फ्राइटन्ड रॅबिट या स्कॉटिश बँडचा गायक स्कॉट हचिसन मे २०१८मध्ये गेला. त्याच्या कुटुंबानं पुढच्या वर्षी टायनी चेंजेस ही संस्था काढली, ती स्कॉटलंडमधल्या मुलांच्या आणि तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी झटते. ज्यांचं माणूस गेलं त्यांनी स्वतः उभं केलेलं हे काम आहे. त्यांचं नाव कुणी आरोपांवर पांघरूण म्हणून वापरलं की मला संताप येतो.

आणि लेबलला खरंच संगीतकारांच्या मनाची काळजी असेल, तर ती आधी त्यांच्या स्वतःच्या वहीत दिसायला हवी. वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या सॅली अ‍ॅन ग्रॉस आणि जॉर्ज मसग्रेव्ह यांनी २०१६मध्ये संगीतात काम करणाऱ्या २,२११ लोकांना प्रश्न विचारले. ७१.१ टक्के लोकांनी चिंतेचा किंवा पॅनिकचा अनुभव सांगितला, ६८.५ टक्क्यांनी नैराश्याचा. उत्तरं देणारे आपणहून पुढे आलेले होते, त्यामुळे हे आकडे सरसकट सगळ्यांना लावू नयेत. पण लोकांनी सांगितलेली कारणं माझ्या रोजच्या ओळखीची आहेत: बेभरवशाची कमाई, उद्याचं काही ठरलेलं नसणं, आणि हे क्षेत्र स्त्रियांशी जसं वागतं ते. यातलं पहिलं तरी लेबलच्या हातात असतं. रॉयल्टी स्टेटमेंट (गाण्यांच्या कमाईतल्या वाट्याचा हिशेब) वेळेवर जातं का? टूरचा अ‍ॅडव्हान्स कसा फेडायचा हे बँडला समजावून सांगितलंय का? गिगच्या रात्री काही घडलं तर लेबलशी संबंध नसलेल्या कुणाकडे तक्रार करता येते का? ज्या लेबलकडे यांची उत्तरं नाहीत, त्याची देणगी मला पोकळ वाटते.

राहता राहिले त्या संग्रहातले बाकीचे बँड. त्यांचा काही दोष नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांनी चांगल्या कामाचं नाव ऐकून गाणं दिलं असेल. त्यांना निरोप पाठवा की संग्रह का घेत नाही. त्यांतल्या एखाद्यानं गाणं परत मागितलं, तर लेबलला ते तुमच्या-माझ्या मेलपेक्षा लवकर ऐकू येईल. आणि त्यांचे अल्बम त्यांच्या स्वतःच्या पानावरून घ्या, शक्यतो बँडकॅम्प फ्रायडेला. २० मार्च २०२०पासून सुरू झालेल्या या ठरावीक शुक्रवारी बँडकॅम्प आपला वाटा सोडतं. फक्त ते पान बँडचंच आहे की त्याच लेबलचं, हे पैसे देण्याआधी बघून घ्या.