न्यूरॉन, स्नायू आणि नारू

प्रश्न : गुरुजी, आमच्या गावच्या वाचनालयात एका डॉक्टरांचं भाषण ठेवलं आहे. फलकावर 'मेंदूतील रक्तस्त्राव व डोक्याच्या मारानंतर स्नायूंचे संरक्षण : नवे संशोधन' असं लिहायचं ठरलं. एक सदस्य अडून बसले आहेत की 'संरक्षण' चूक, 'रक्षण' हवं. बरोबर काय? (मंगरूळपीर तालुक्यातून)

उत्तर : रक्षण लिहा नाही तर संरक्षण लिहा, दोन्ही खपतं. 'रक्तस्त्राव'मधला त मात्र खोडा. धातू 'स्रु', त्यावरून 'स्राव'. त्यात स्त्री घुसवायचं काही कारण नाही. आणि मेहरबानी करून ते 'स्नायू' पुसा. डॉक्टर बोलणार ते न्यूरॉनवर, म्हणजे मेंदूतल्या निरोप वाहणाऱ्या पेशींवर. फलक आहे तसाच लागला, तर लोकांना वाटेल की डोक्याला मार लागल्यावर दंड आणि पोटऱ्या कशा जपाव्या यावर डॉक्टर बोलणार आहेत.

हसण्यावारी नेऊ नका. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावचा एक माणूस दुचाकीवरून पडला. 'डोक्शातली नस फुटली' म्हणून नागपूरला नेला, वाचला, घरी आला. कुणीतरी घरच्यांना मोबाइलवर मजकूर धाडला की रक्तस्रावानंतर 'स्नायू' मरतात, ते वाचवायला हवेत. झालं! सकाळ-संध्याकाळ तिळाचं तेल कोमट करून हातापायांना चोळणं सुरू. मालिशीनं बिघडलं काही नाही. पण तो माणूस दोन वाक्यांत तीनदा शब्द विसरत होता, उगाच चिडत होता, त्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. मी बोललो तर त्याची माय म्हणते, "स्नायू मेले म्हंतेत ना गुरुजी, मंग चोयाले नोको?" तिचं काय चुकलं? तिला मराठी नीट येतं. ज्यानं मजकूर लिहिला त्याला येत नाही.

घोळ हिंदीतून आला. आपण नागपूरच्या सावलीतली माणसं. हिंदी मजकूर आला की 'है'चं 'आहे' करायचं आणि पुढे ढकलायचं, याला आपण भाषांतर म्हणतो. हिंदीत, बंगालीत 'स्नायु' म्हणजे मेंदूकडून निघणारी, संवेदना वाहणारी दोरी, आपली चेता. मराठीत स्नायू म्हणजे मांसाचा, पहिलवान फुगवतो तो. 'पेशी'ची गत याच्या उलट. हिंदीची 'मांसपेशी' म्हणजे आपला स्नायू, आणि आपली पेशी म्हणजे त्यांची 'कोशिका'. (कोर्टातली पेशी वेगळी. ती फारसी 'पेश'मधली. तिची फक्त तारीख पडते.)

सुश्रुतानं शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले. त्याची पेशी म्हणजे मांसाचा गोळा आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारी दोरी. फळ्या दोरांनी आवळून बांधल्या की नाव जसं ओझं पेलते, तसं स्नायूंनी बांधलेलं शरीर भार सोसतं, हा दाखलाही त्याचाच. म्हणजे आज ना आपण त्याचा स्नायू पाळतो, ना हिंदीवाले. माझा तर्क असा : शाळेच्या पुस्तकांना जिवंत शरीराच्या सूक्ष्म कप्प्यासाठी शब्द हवा होता, त्यांनी 'पेशी' उचलली, मग मांसाची जागा रिकामी पडली, तिथे शेजारचा स्नायू सरकवला. पुरावा मागू नका, खुर्च्यांचा खेळ बघा.

आता खरी गंमत ऐका, यासाठीच लिहायला बसलो. ग्रीक 'न्यूरॉन'चा मूळ अर्थही दोरीच : शिरा-कंडरा (कंडरा म्हणजे मांस हाडाला बांधणारी दोरी), धनुष्याची प्रत्यंचा. बोकड कापताना पाहिलं असेल तर कळेल. कंडरा पांढरी, चेताही पांढरी, दोन्ही दोरीसारख्या. जुन्या माणसांनी दोघींना एकच नाव दिलं. आणि हे ग्रीक 'न्यूरॉन' व आपला 'स्नायु' एकाच मुळाचे! ग्रीकांनी पुढचा स गिळला, आपण राखला. लॅटिन 'नर्वस'ही त्याच घरातला. तेव्हा मोबाइलवरच्या त्या महाभागानं न्यूरॉनला स्नायू म्हटलं ते व्युत्पत्तीनं बरोबर निघालं. मूर्खपणालाही कधी कधी मूळ सापडतं.

पण एक अडचण. न्यूरॉनमध्ये र आहे, स्नायूत नाही. तो गेला कुठे? पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, अवेस्तात 'स्नावर', पालीत 'न्हारु', 'नहारु', अर्थ कंडरा. म्हणजे र आपल्याकडेही होता, संस्कृतच्या दारातून न जाता मागच्या वाटेनं आला. आणि मराठीत तो आजही आहे. कुठे? नारूत!

विहिरीचं, पायऱ्यांच्या बारवेचं पाणी पिऊन होणारा, घोट्याजवळ फोड येऊन पांढऱ्या दोऱ्यासारखा बाहेर येणारा तो नारू. हातभराहून लांब किडा. माझी आजी सांगायची, रोज थोडा थोडा काडीला गुंडाळायचा, ओढायचा नाही. तुटला की पाय सुजून माणूस खाटेवर. भारतात शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त जाहीर केला, म्हणून आजच्या पोरांना शब्द ठाऊक नाही. मध्ययुगीन वैद्यक ग्रंथांत याच रोगाला 'स्नायुक' म्हटलं आहे, कारण तो कंडरेसारखा दिसतो. 'न्हारु'चा 'नारू', एवढं सरळ. म्हणजे न्यूरॉन आणि नारू हे चुलतभाऊ. नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांना सांगून बघा, बिल कमी होतं का.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक हे मानत नाहीत. त्यांच्या मते 'नार' म्हणजे पाणी, नारायणातलं. पाण्यातून होतो म्हणून नारू. ऐकायला छान, कीर्तनात शोभेल. मग हिंदीत त्याला 'नहरुआ' का म्हणतात? पाण्याच्या नारात तो ह कुठला? 'न्हारु'त तो आयताच बसलेला आहे. स्नानाचं 'न्हाणं' होतं ना, तसाच. सरांना हे दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी चहा मागवला.

'नस' हा शब्दही मी याच कुटुंबात घालतो. संस्कृत कोशांत 'स्नसा' आहे, अर्थ तोच, कंडरा. खेड्यातला माणूस रक्तवाहिनीलाही नस म्हणतो, चेतेलाही म्हणतो, कंबर धरली तरी 'नस दबली' म्हणतो. शहरी लोक त्याला अडाणी ठरवतात. अहो, ग्रीकांनी नेमकं हेच केलं होतं, त्यांना कुणी अडाणी म्हणत नाही.

तरी फलकावर यातलं काहीच चालणार नाही. तिथे 'चेतापेशी' लिहा. शाळेच्या पुस्तकात हाच शब्द आहे, मुलं घरी सांगतील. 'मज्जातंतू' लिहू नका, कितीही दवाखान्यांच्या पाट्यांवर असला तरी. मज्जा हाडातली, आणि तंतू म्हणजे धागा. इथे विषय धाग्याचा नाही, एकेका पेशीचा आहे. यावर जग एकदा भांडलं आहे. मेंदू म्हणजे अखंड जाळं, असं इटलीचा शास्त्रज्ञ गॉल्जी म्हणायचा. सुट्या पेशी, असं स्पेनचा काहाल. 'न्यूरॉन' हे नाव १८९१ साली जर्मन शास्त्रज्ञ वाल्डायरनं पेशीलाच दिलं. १९०६ साली नोबेल दोघांना मिळून मिळालं आणि गॉल्जीनं त्या भाषणातही जाळं सोडलं नाही. शेवटी काहाल खरा ठरला. तेव्हा तंतू म्हणणारे आजही गॉल्जीच्या पंगतीत बसलेत.

डॉक्टर काय बोलतील तेही थोडं सांगतो, म्हणजे 'पेशी'वर एवढा जोर का ते कळेल. डोकं आपटलं त्या क्षणी चिरडलेल्या चेतापेशी गेल्या. पण एक गंजी जळाली म्हणून आग तिथेच थांबत नाही. फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट सांडतं. एरवी अगदी थोडं लागणारं हे रसायन पुरासारखं आलं की शेजारच्या धडधाकट पेशी नको तेवढं कॅल्शियम आत घेतात आणि मरतात. कवटी हाडाची, ती फुगत नाही. सूज आली की दाब वाढतो, रक्त पोचेनासं होतं. रक्तस्राव असेल तर साकळलेल्या रक्तातलं लोह सुटून तेही पेशींना पोळतं. तासन्‌तास, दिवसेंदिवस चालणारी ही दुसरी इजा अडवायची, हे त्या संशोधनाचं काम. उंदरांत चाललेली कितीतरी औषधं माणसांत आपटली. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या दोन मोठ्या चाचण्या २०१४ साली फसल्या. सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड द्यायचे. २००४ साली १०,००८ रुग्णांवरच्या चाचणीत स्टेरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत २१.१ टक्के दगावले, न दिलेल्यांत १७.९. मेंदूच्या आवरणाखाली रक्त सांडतं त्या प्रकारात निमोडिपीन हे औषध तेवढं टिकलं. ट्रॅनेक्झामिक ॲसिड रक्त थांबवतं. २०१९च्या चाचणीत सौम्य ते मध्यम मारात, तेही तीन तासांच्या आत दिलं तर, मृत्यू कमी झाले. धारणीहून घाट उतरून अमरावती गाठायलाच तीन तास सहज जातात, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

बघा, बोलता बोलता 'संरक्षण' राहिलंच. माझं मन विचाराल तर दोन्ही सोडा आणि 'राखण' लिहा. पीक उभं आहे, रानडुक्कर बांधावर आहे, अशा वेळी आपण करतो ती. 'मेंदूतील रक्तस्राव व डोक्याचा मार : उरलेल्या चेतापेशींची राखण'. 'उरलेल्या' गाळू नका, सगळा विषय त्यातच आहे. अडून बसलेले सदस्य याला ग्राम्य म्हणतील. म्हणू द्या.

भाषणाला मी येतो. ऐंशीच्या पुढची माणसं पहिल्या रांगेत बसवा. त्यांच्या आईवडिलांच्या तोंडी 'नारू' होतं की 'न्हारू', तेवढं मला विचारायचं आहे.