आधी जोड बघा

गेल्या अंकात मी लेकीकडे टोकियोत काढलेल्या तीन महिन्यांबद्दल लिहिलं होतं. लेक निशी-कासाईला राहते. सकाळी ती कामावर आणि नातू शाळेत गेला की मी मेट्रोत बसायची, निहोम्बाशीला गाडी बदलायची आणि उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन मातीच्या भांड्यांसमोर उभी राहायची. ३१ वर्षं खापरं जोडण्यात गेलेल्या बाईला परदेशात दुसरं काय सुचणार? त्यावर पत्रं बरीच आली. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण ज्यांच्या प्रश्नांनी मला पुन्हा त्या दालनात नेलं, त्यांना इथे उत्तरं देते.

प्रश्न : ताई, आम्ही नवरा-बायको ऑक्टोबरात टोकियोला जातोय. संग्रहालयासाठी जेमतेम अर्धा दिवस आहे. तेवढ्यात काय बघावं? (ठाणे)

उत्तर : सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी सहसा बंद असतं. फाटकातून आत गेलात की समोर मोठी मुख्य इमारत दिसते. लोक आधी तिथे शिरतात, तलवारी आणि किमोनो बघता बघता पायांचे तुकडे पडतात आणि मग बाहेर येऊन आइस्क्रीम खातात. तुम्ही उलटं करा. डावीकडून मागे जा. तिथे हेइसेइकान नावाची १९९९ मध्ये उघडलेली इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर जपानचं पुरातत्त्व एका लांब दालनात मांडलंय : दगडी हत्यारं, मग जोमोन काळातली, म्हणजे भातशेतीच्या आधीची भांडी, मग यायोई काळातलं, म्हणजे भातशेती रुजल्यानंतरचं कांसं, मग थडग्यांवरचे मातीचे शिपाई. दीड तास पुरे.

एक सूचना. वस्तू बदलत असतात, बाहेरगावी प्रदर्शनाला जातात. अमुक मूर्ती दिसलीच पाहिजे असा हट्ट धरून जाऊ नका.

प्रश्न : मी नववीत आहे. जपानमध्ये गॉगल घातलेली एक मातीची मूर्ती सापडली आहे आणि ती परग्रहावरच्या माणसाची आहे, असं एका व्हिडिओत दाखवलं. आमचे सर म्हणाले, खोटं आहे. कोण बरोबर? (सांगली)

उत्तर : सर बरोबर. पण तुला प्रश्न पडला ते मला आवडलं, कारण ती मूर्ती पहिल्यांदा बघताना मलाही क्षणभर वाटलं होतं की ही काही आपल्यातली नाही.

अशा मातीच्या बाहुल्यांना जपानीत दोगू म्हणतात. तू पाहिलेली मूर्ती आओमोरी प्रांतातल्या कामेगाओका इथे १८८७ मध्ये सापडली. उंची ३४.२ सेंटिमीटर, म्हणजे तुझ्या पट्टीपेक्षा जराशी जास्त. वय अडीच-तीन हजार वर्षं. डोळे एवढे मोठे की चेहऱ्यात दुसऱ्या कशाला जागाच नाही, आणि मधोमध एक आडवी चीर. सुबोइ शोगोरो नावाच्या अभ्यासकाला त्या डोळ्यांवरून उत्तर ध्रुवाकडचे लोक बर्फाची तिरीप टाळायला लावतात त्या चिरेच्या चष्म्यांची आठवण झाली. तेव्हापासून अशा मूर्तींना 'बर्फचष्म्याच्या दोगू' असंच नाव पडलं. आज कुणी अभ्यासक तो खरा चष्मा मानत नाही. ते मोठे करून घडवलेले डोळे आहेत. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे बसवतात, ते तरी चेहऱ्याच्या मापाचे कुठे असतात?

आता व्हिडिओवाले जे दाखवत नाहीत ते सांगते. त्या मूर्तीचा डावा पाय नाही. तो सापडलाच नाही. त्या भागातल्या किझुकुरी स्टेशनच्या दर्शनी भिंतीवर हीच मूर्ती काही मजले उंच करून बसवली आहे, आणि तिथेही तिला एकच पाय ठेवलाय. हे मला फार आवडलं. आपण असतो तर दुसरा पाय लावून मोकळे झालो असतो.

दोगू बहुतेक करून तुटलेल्याच सापडतात. यामानाशी प्रांतात शाकादो नावाच्या ठिकाणी १,११६ तुकडे मिळाले, त्यांतून अख्खी मूर्ती एकही नाही. काही जण म्हणतात, आजारपण किंवा बाळंतपणाचं संकट मूर्तीवर घालून ती मुद्दाम फोडायचे. काही म्हणतात, मातीची वस्तू आहे, तुटणारच. माझं मत विचारशील तर दोन्हीकडे थोडं थोडं. शाडूच्या गणपतीचा हात कुठे तुटतो? खांद्याशी, जिथे वेगळा करून चिकटवलेला असतो तिथेच. दोगूंचे हातपायही तिथेच तुटलेत. पण हजारावर तुकडे आणि अख्खी एकही नाही, याला नुसता निष्काळजीपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि एक दोगू मात्र मी जन्मभर विसरणार नाही. ती टोकियोत नाही. एका शनिवारी लेक मला शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, हाचिनोहेला घेऊन गेली. तिथल्या कोरेकावा संग्रहालयात एक लहानशी मूर्ती आहे, फक्त १९.८ सेंटिमीटरची. गुडघे वर घेऊन बसलेली आणि छातीशी हात जोडलेली. १९८९ मध्ये काझाहारी इथे एका जुन्या घराच्या अवशेषांत ती मिळाली. वय साधारण साडेतीन हजार वर्षं. तिचे अवयव कधीतरी तुटले होते आणि त्या काळातल्याच कुणीतरी नैसर्गिक डांबर लावून ते परत जोडले होते. तुटलेल्या जागी डांबराचे काळे डाग आजही आहेत. मी काचेला नाक लावून उभी होते. लेक म्हणाली, "आई, लोक बघतायत." म्हटलं, बघू देत. माझ्या कामाचं माणूस भेटलंय.

प्रश्न : आमचं कुंभाराचं घर आहे. तुम्ही लिहिलेली ज्वालेच्या आकाराची भांडी चाकाशिवाय कशी केली असतील? आणि एवढ्या नक्षीत भात शिजवणार कसा? (पंढरपूर)

उत्तर : तुम्हाला काय शिकवायचं! तरी पाहिलं ते सांगते. मातीच्या वळ्या करून एकावर एक चढवायच्या, बोटाने आतून-बाहेरून सांधायच्या, मग ओल्या अंगावर पीळ दिलेली दोरी लाटण्यासारखी फिरवायची. दोरीच्या त्या ठशांवरूनच 'जोमोन' हे नाव आलं. एडवर्ड मोर्स नावाचा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ १८७७ मध्ये समुद्री जिवांच्या अभ्यासासाठी जपानला गेला होता. योकोहामाहून टोकियोला जाताना आगगाडीच्या खिडकीतून त्याला ओमोरीजवळ शिंपल्यांचा ढिगारा दिसला. लोकांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा उकिरडा तो! तिथे खणल्यावर ही दोरीच्या ठशांची खापरं निघाली. घरी येऊन मी सुतळी घेऊन करून पाहिलं. सुतळीचा पीळ डावा की उजवा, यावर नक्षीचा तिरपेपणा उलटतो. तुमच्या पोरांना करायला द्या, दुपार सत्कारणी लागेल.

ज्वालेची भांडी निइगाता भागातली, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची. तोकामाची गावाजवळच्या सासायामाची भांडी १९९९ मध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झाली. भाताचं म्हणाल तर तेव्हा तिथे भातशेती नव्हतीच. चेस्टनट, अक्रोड, मासे, शिकार हा आहार. आणि हो, नक्षी कितीही असली तरी ती भांडी चुलीवर चढत होती. काहींच्या आत करपलेला थर अजून चिकटलेला आहे. त्याहून कितीतरी जुन्या जोमोन खापरांमध्ये मुरलेली चरबी तपासून २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की त्यांत मुख्यतः मासे शिजत होते. घासून न निघालेल्या खरकट्याचं एवढं मोल!

जपानमधली सगळ्यात जुनी खापरं आओमोरीच्या ओदाई-यामामोतोची. वय सुमारे १६,००० वर्षं. नक्षी अजिबात नाही. दिसायला अगदी रस्त्यावरच्या मुरमासारखी.

प्रश्न : संग्रहालयातली ही भांडी निम्मी प्लास्टरची असतात, असं माझा मेहुणा म्हणतो. मग तिकीट काढून आपण प्लास्टर बघायचं का? ही फसवणूक नाही का? (नाशिक)

उत्तर : मेहुण्यांना माझा नमस्कार. प्लास्टर असतं, आणि ते लपवलं तरच फसवणूक. आम्ही खापरं वाळूच्या घमेल्यात उभी करून सांधे सुकवायचो, उरलेल्या भोकात प्लास्टर भरायचो आणि रंग मुद्दाम अर्धी छटा फिका ठेवायचो. हातभर अंतरावरून भांडं अख्खं दिसावं, वीतभर अंतरावरून जोड कळावा. उएनोतही हेच दिसतं. म्हणून सांगते, आधी जोड बघा. काठ खरा आहे का, बूड खरं आहे का, मधला पोटाचा भाग कशावरून भरलाय, हे कळलं की भांडं कळलं.

तिथला चिलखतवाला शिपाई घ्या. हा हानिवा, म्हणजे सहाव्या शतकात थडग्याच्या टेकाडावर उभी केलेली भाजक्या मातीची आकृती. गुन्मा प्रांतातल्या ओता इथला, १३०.५ सेंटिमीटर उंच, १९७४ पासून राष्ट्रीय ठेवा. जुन्या दुरुस्तीचे सांधे ढिले पडले म्हणून २०१७ ते २०१९ या काळात त्याला सुटा करून पुन्हा जोडला. तेव्हाच्या तपासणीत कळलं की आज विटकरी दिसणारा हा गडी मुळात पांढऱ्या, तांबड्या आणि करड्या रंगांनी रंगवलेला होता. सांधे उघडले, बारकाईने तपासलं, तेव्हा हे समजलं.

खरी फसवणूक कशी असते तेही सांगते. २००० साली नोव्हेंबरात माइनिची दैनिकाने फोटो छापले. लाखो वर्षांपूर्वीची हत्यारं शोधून काढतो म्हणून गाजलेला एक हौशी उत्खननकार पहाटे स्वतःच हत्यारं खड्ड्यात पुरत होता. पाठ्यपुस्तकं बदलावी लागली. आणि याच्या अगदी उलट आइझावा तादाहिरो. नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, दारोदार विकून पोट भरणारा पोरगा. १९४६ मध्ये गुन्मातल्या इवाजुकूला, ज्या थरात माणूस असूच शकत नाही असं सगळे पंडित म्हणत होते, त्या थरात त्याला दगडी पाती दिसली. सायकल मारत तो टोकियोच्या विद्वानांपर्यंत गेला. १९४९ मध्ये विद्यापीठाने तिथे खणलं आणि जपानचा जोमोनच्याही आधीचा, जुन्या अश्मयुगातला माणूस सिद्ध झाला. दोघेही हौशीच. मेहुण्यांना हेही वाचून दाखवा.

प्रश्न : त्या कांस्याच्या घंटांवर बायका कांडण करताना दिसतात म्हणे? (बारामती)

उत्तर : दिसतात! घंटेला दोताकू म्हणतात. उएनोतली ही घंटा शिकोकू बेटावरच्या कागावातली आहे असं मानतात. ४२.७ सेंटिमीटर उंच, यायोई काळातली, म्हणजे भातशेती रुजल्यानंतरची. तिच्यावर १२ चौकटी आहेत. एकीत खांबांवर उभं धान्याचं कोठार, एकीत हरणावर नेम धरलेला शिकारी, कुठे चतुर, कुठे कासव. आणि एका चौकटीत दोघं समोरासमोर उभी राहून उखळात मुसळ घालतायत. रेघांची चित्रं, आपल्या वारली चित्रांच्या वळणाची. एकाचं मुसळ वर, दुसऱ्याचं खाली. आमच्या आजोळी दोन जावा अशाच कांडायच्या, फक्त वर ओवी असायची. बायकाच आहेत की नाही यावर पैज लावू नका, पण मला तरी जावाच दिसल्या.

शिमाने प्रांतात १९९६ मध्ये शेतरस्ता काढताना यंत्राच्या फाळाला ३९ घंटा लागल्या, मोठीच्या पोटात लहान अशा ठेवलेल्या. तिथून जवळच १९८४ मध्ये ३५८ कांस्य तलवारी निघाल्या होत्या. त्याआधी सबंध जपानात मिळून अशा सुमारे तीनशेच तलवारी माहीत होत्या.

प्रश्न : आपल्या इनामगावच्या उत्खननाशी यातलं काही जुळतं का? (शिरूर)

उत्तर : नातं नाही, पण एक गोष्ट बघून मी थबकले. इनामगावला, तुमच्या शिरूरजवळच्या त्या प्राचीन वस्तीत, लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून, आडवी ठेवून, घराच्या जमिनीखाली पुरलेलं सापडलं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. क्युशू बेटावर योशिनोगारीला यायोई काळातली अशीच तोंडाला तोंड लावलेली रांजणांची थडगी आहेत. मात्र त्यांत मोठी माणसंही आहेत आणि रांजणही तेवढेच दांडगे. दोन हजारांच्या वर थडगी. एवढा रांजण न तडकता भाजणाऱ्या कुंभाराला मी हात जोडले.

प्रश्न : जपानमध्ये शेतात असं काही सापडलं तर शेतकऱ्याने करायचं काय? आमच्याकडे तर लोक गुपचूप झाकून टाकतात. (जालना)

उत्तर : झाकून टाकतात, कारण जमीन अडकेल ही भीती. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. दहा रुपये तेव्हाचे हो!

जपानमध्ये होक्काइदोत १९७५ साली एक बाई बटाटे काढत होती. फावड्याला काहीतरी कठीण लागलं. निघाली साडेएक्केचाळीस सेंटिमीटरची पोकळ दोगू, आता राष्ट्रीय ठेवा. तिथला रिवाज असा की अशी वस्तू आधी पोलिसांकडे कळवायची, हरवलेल्या छत्र्या-पाकिटांच्याच कायद्याखाली. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीची मूर्ती कागदोपत्री 'सापडलेली वस्तू' होते, आणि तिचा मालक येतो का याची रीतसर वाट पाहिली जाते.