फवारणी पंपाच्या गनची स्प्रिंग घरी बनवता येते का? तार किती गेजची, वेढे किती, आणि पाणी द्यावं लागतं का?

बनवता येते. पाणी, म्हणजे लाल करून पाण्यात बुडवणं, द्यावं लागत नाही. गेज आणि वेढ्यांवर नंतर येतो, आधी हे पाण्याचं मिटवू. याच एका मुद्द्यावरून आमच्या घरच्या लग्नकार्यांत कैक ताटं गार झालीत.

तुम्ही लिहिलंय की दुकानदार नुसती स्प्रिंग देत नाही, अख्खी गन घ्या म्हणतो, आणि गावातल्या एका जाणत्याने सांगितलं की तार वळवून लाल करायची नि पाण्यात बुडवायची. तो जाणता आमच्या दाजींच्या पंगतीला बसलेला असणार. आणि तुम्ही हे पलूसहून विचारताय म्हणून जास्त लागलं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ज्या कुंडलच्या माळावर नांगराचा कारखाना उभा केला, तो माळ तुमच्या दारात. तिथल्या माणसाला दहा रुपयांच्या स्प्रिंगसाठी नवी गन घ्यायला लावतात आणि तो निमूट खिशात हात घालतो.

आमची द्राक्षबाग मणेराजुरीच्या बाजूला. माणिकचमन जातीची. ऑक्टोबर छाटणीला टोळी बागेत शिरली की कात्र्यांच्या स्प्रिंगा उडायला लागतात. छाटणी केलेल्यांना सांगायला नको, दोन मुठींच्या मधली ती स्प्रिंग एकदा निसटून पाल्यात पडली की शोधायची नाही, सोडून द्यायची. पातं शाबूत, धार शाबूत, पण दर काडीला मूठ हाताने उघडत बसायचं. टोळीचं एकरावर ठरलेलं असतं, त्यांचा रोज बुडतो, आणि काडीच्या डोळ्यांना फुटीसाठी पेस्ट लावायचं काम मागे रेंगाळतं. तासगावला गाडी काढून गेलं तर उत्तर तुम्हाला मिळालं तेच. नवी कात्री घ्या.

त्या हंगामात दाजी आमच्याकडे मुक्कामाला होते. अक्काचे मालक. कुपवाड एमआयडीसीत फोरमन, हयात सगळी हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून कडक करायच्या खात्यात गेलेली. माणूस कामाचा, त्यात वाद नाही, पण भट्टीत गेलेली वस्तू तेवढीच खरी अशी त्यांची समजूत. मी सांगलीहून स्प्रिंग स्टीलची तार आणून गोठ्याशेजारच्या शेडमध्ये सळीवर वळवत होतो. दाजी चहाचा कप घेऊन मागं उभे.

"लका, भट्टी कुठाय तुजी?"

म्हटलं, "दाजी, ह्याला भट्टी लागत नाही."

"पाणी दिल्याबगर स्प्रिंग हुती व्हय? आमी काय कंपनीत गवात उपटतोय?"

आता मुद्दा असा. ही तार दुकानात येते तेव्हाच कडक असते. तिच्यात कार्बन साधारण ०.७ ते १ टक्का, आणि कारखान्यात ती गार असतानाच एकाहून एक बारीक डायमधून, म्हणजे साच्याच्या भोकातून, ओढत आणलेली असते. त्या ओढण्यातून तिच्यात ताकद येते. आयएस ४४५४ या भारतीय मानकात हीच तार येते, बंडलाच्या चिठ्ठीवर तो आकडा दिसला तर डोळे झाकून घ्या. ती लाल केलीत की ओढून भरलेली सगळी ताकद गेली. मग तुम्ही शून्यापासून सुरुवात करताय, आणि पुढचं नीट करायला तापमानावर जो ताबा लागतो तो गोठ्याशेजारी नसतो.

दाजींना हे तोंडाने पटणार नव्हतं. त्यांनी माझ्या वळलेल्या स्प्रिंगांमधल्या दोन उचलल्या आणि गावातल्या लोहाराच्या भात्यावर गेले. दोन्ही लालभडक केल्या. एक बादलीत बुडवली, दुसरी राखेत गार व्हायला ठेवली. बादलीतली कात्रीत बसवून मूठ दाबली तर टक् करून दोन तुकडे. राखेतली दाबली, ती दाबलेलीच राहिली, परत येईना. तिसरी, जिला भाता दाखवलाच नव्हता, ती टोळीतल्या एका बाईच्या कात्रीत सकाळपासून चालू होती. तिन्ही एकाच बंडलातल्या. याहून मोठा पुरावा कोर्टातसुद्धा देत नाहीत. दाजी म्हणाले, तार भेसळीची हाय.

भेसळीची नव्हती. लाल करून पाण्यात टाकलं की पोलाद कडक होतं तसंच ठिसूळ होतं, म्हणून नंतर पुन्हा मध्यम तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. हे दाजींना माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण त्या दिवशी सासुरवाडीत माघार घ्यायची नव्हती.

मग मी त्यांना मिरजेचं सांगितलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, दाजींनीसुद्धा. सतारीची बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची तार ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते. पोलादीच, याच जातीची. ती खुंटीवर चढवून किती ताणतात ते बघा, आणि मला एक कारागीर दाखवा जो चढवण्याआधी ती भट्टीत घालतो. यावर दाजी म्हणाले, "ते गाणंबजावणं हाय, हे शेतीचं काम हाय." याला काय उत्तर देणार.

जाडीवरूनही त्यांचाच हट्ट. १७ गेजची कशाला, १६ ची घे, टिकंल. अक्काने डोळे वटारले म्हणून दोन-चार स्प्रिंगा १६ च्याही वळल्या. दुपारपर्यंत टोळीतली म्हातारी कात्री घेऊन आली आणि विचारलं, "दादा, ही कात्री हाय का पक्कड?" १७ गेज म्हणजे १.४२ मिमी आणि १६ म्हणजे १.६३. बोटाला फरक कळत नाही, पण स्प्रिंगचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. एवढ्याशा फरकात स्प्रिंग पावणेदोन पट कडक. दिवसात हजारो वेळा मूठ दाबणाऱ्या बाईच्या मनगटाला विचारा ते काय असतं. जाड म्हणजे टिकाऊ हे लोखंडी खाटेला लागू पडतं, स्प्रिंगला नाही.

तर तुमच्या गनकडे. तुटकी स्प्रिंग फेकली नसेल अशी आशा आहे. तिचे तुकडे दाबून वेढे एकमेकांना टेकवा, पट्टीवर त्यांची एकूण लांबी मोजा आणि वेढ्यांच्या संख्येने भागा, तारेची जाडी मिळाली. बाहेरचा व्यास मोजून त्यातून एक जाडी वजा करा, तो मधला व्यास. वेढे मोजताना दोन्ही टोकांचा चिकटलेला एकेक वेढा सोडायचा, तो काम करत नाही. या तीन आकड्यांत सगळं आलं. जाडीचा परिणाम चौथ्या घाताने, व्यास वाढला की कडकपणा तिसऱ्या घाताने कमी, वेढे दुप्पट केले की निम्मा. उदाहरण देतो: १.२ मिमी तार, मधला व्यास ९ मिमी, कामाचे ८ वेढे, अशी स्प्रिंग १ सेंटीमीटर दाबायला साडेतीन किलोच्या आसपास जोर लागतो. बाकी सगळं तेच ठेवून तार १ मिमीची घेतली तर पावणेदोन किलो. तुमच्या गनला किती हवा हे मी इथे बसून सांगू शकत नाही. प्रत्येक गन वेगळी, आणि तुम्ही ना फोटो टाकलाय ना माप. बोटाला सोसेल आणि सोडल्यावर पाणी थेंबभरही गळणार नाही, एवढा हवा.

वळायची पद्धत सोपी आहे. हवी त्यापेक्षा बारीक सळी घ्या, कारण सोडल्यावर स्प्रिंग फुगते. आतला व्यास १० हवा तर साडेआठच्या सळीवर नमुन्याचे तीन-चार वेढे काढून बघा, मग सळी बदला. सळीच्या टोकाला भोक पाडून त्यात तारेचं टोक अडकवा. तार लाकडाच्या दोन तुकड्यांत घालून व्हाइसमध्ये दाबा, ओढली तर सरकेल पण जोर लावून सरकेल इतपतच. हातड्रिलमध्ये सळी धरून फिरवा. विजेचा ड्रिल नको. अंतर सारखं यायला तारेच्या जोडीने नायलॉनची दोरी गुंडाळा, नंतर ती फिरवून काढून घ्या. टोकाचा एक वेढा चिकटवून घ्यायचा आणि कानशीने सपाट करायचा, नाहीतर स्प्रिंग तिरकी बसते. लांबी थोडी जास्तच ठेवा, कारण पहिल्यांदा पूर्ण दाबली की ती जराशी आखूड होते आणि मग तिथेच थांबते. आणि संपल्यावर तार एकदम सोडू नका, सळी हळूहळू उलटी फिरवा. ते टोक सुटलं की थेट डोळ्याकडे येतं. चष्मा घाला.

भट्टी नको म्हटलं म्हणजे उष्णता अजिबात नको असं नाही, इथे दाजींनी मला बऱ्याचदा पकडायचा प्रयत्न केलाय. वळल्यावर तारेत आडवातिडवा ताण राहतो, तो काढायला २३० ते २५० अंशांवर अर्धा तास ठेवली तर स्प्रिंग आपलं माप धरून राहते. जुन्या कढईत वाळू घालून त्यात पुरली तरी चालतं. घासून चकचकीत केलेला तारेचा एक तुकडा वर ठेवा. तो गवती पिवळा झाला की २२०-२३०, तपकिरी झाला की २६० च्या आसपास. निळा पडायला लागला म्हणजे ३०० कडे चाललात, उतरवा. यात साधी तार किंचित आवळते, व्यास केसभर कमी होतो, ते धरून चाला. हे पाणी देणं नव्हे. लाल रंग ७०० च्या पुढचा, हे त्याच्या निम्म्यालाही जात नाही. दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर हा परिच्छेद पुन्हा वाचा.

तार कुठली नाही ते सांगतो. बांधणीची तार नाही, ती मऊ केलेली असते. मांडवाची जीआय, म्हणजे जस्त चढवलेली तारही नाही, कितीही ताठ वाटली तरी. पेन्सिलीला वळसा घालून सोडा, तिथेच बसून राहिली तर बाजूला ठेवा.

आता खरं तर हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. तुम्ही बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण फवारत असाल तर साध्या पोलादाची स्प्रिंग त्यात टिकणार नाही. मोरचुदाचं पाणी लोखंड खातं, बघता बघता तारेवर तांबडा थर चढतो. गनसाठी स्टेनलेसची स्प्रिंग तार मागा, ३०२ किंवा ३०४. दुकानात कुणी लोहचुंबक लावून म्हणेल की हे चिकटतंय, म्हणजे स्टेनलेस नाही. ऐकू नका, ओढून कडक केलेलं ३०४ थोडं चिकटतंच. तीच जाडी घेतली तर स्प्रिंग साध्या तारेपेक्षा साधारण दहा टक्के नरम होते, एखादा वेढा कमी करा. कढईचा खेळ त्याला पुरत नाही, त्याला ३०० च्या वरचं तापमान लागतं, पण गनच्या घोड्यापुरतं ते नाही केलं तरी निभतं. आणि साध्या तारेचा गंज काढायला ॲसिडमध्ये बुडवू नका, कडक तार त्यातला हायड्रोजन शोषून घेते आणि पुढे न सांगता तुटते.

एचटीपी, म्हणजे जास्त दाबाच्या फवारणी पंपाच्या प्रेशर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला, गाडीच्या ब्रेकला, शटरला घरची स्प्रिंग लावायची नाही. तिथे मी दाजींच्या बाजूने. आणि ट्रकच्या पाट्याच्या बाबतीतही, तो कापून कोयता घडवला तर लाल करून पाणी देऊन मग टेंपर उतरवावाच लागतो, नाहीतर उसाच्या दुसऱ्या सरीत धार वळते. ते पोलाद वेगळं, त्याचा हिशोब वेगळा. एवढं मी त्यांना अक्कासमोर मान्य केलेलं आहे. त्यांनी मात्र अजून तार मान्य केलेली नाही, गेल्या दिवाळीतही "ते तुजं नशीब हुतं" एवढंच म्हणाले.

तार सांगलीत वजनावर मिळते. दुकानदार किलोच्या खाली बोलत नाही, पण १ मिमीची १०० ग्रॅम तार म्हणजे १६ मीटर, आणि तुमच्या एका स्प्रिंगला फार तर ३५ सेंटीमीटर लागेल. १०० ग्रॅमच मागा, तोंड वाकडं करेल, पण देतो.