वाचक विचारतात : 'डेथ' कुठून ऐकावी, कशी वाजवावी

प्रश्न : 'डेथ' या अमेरिकन डेथ मेटल बँडचे सात अल्बम, पण जवळपास प्रत्येकात माणसं वेगळी. एकाच बँडची वाटचाल म्हणून ते कसे ऐकायचे?

उत्तर : ड्रमर धरून ऐका. गिटार आणि गळा पहिल्यापासून शेवटपर्यंत चक शुल्डिनरचाच. १९८३ मध्ये फ्लोरिडात 'मँटस' नावानं सुरू झालेल्या आणि १९८४ मध्ये 'डेथ' झालेल्या या बँडमध्ये कायम टिकलेला तो एकटाच. बाकीचे येत-जात राहिले, आणि ड्रमर बदलला की रिफची, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्याची, चालही बदलली.

'स्क्रीम ब्लडी गोर' (१९८७) वर बेससुद्धा चकनंच वाजवला, ड्रमवर क्रिस रायफर्ट. पुढच्या दोन अल्बमवर बिल अँड्र्यूज. त्याचा ताल सरळसोट, रिफच्या पाठीमागून चालणारा. खरं वळण 'ह्यूमन' (१९९१) चं. शॉन राइनर्ट आला आणि ड्रम मागून पुढे आले, अक्षरशः : पहिल्याच गाण्यात आधी ड्रम दुरून मोठे होत येतात, गिटार नंतर. या अल्बमच्या मूळ मिक्समध्ये स्टीव्ह डिजॉर्जिओचा बेस पार दबलाय. २०११ मध्ये नव्यानं मिक्स झालेली आवृत्ती घ्या, त्यात तो ऐकू येतो. १९९३ आणि १९९५ च्या अल्बमवर जीन होग्लन. तिथे त्याच्या डाव्या हाताकडे, राइड सिम्बलकडे (ताल धरणाऱ्या मोठ्या झांजेकडे) कान ठेवा. 'द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स' (१९९८) वर रिचर्ड क्रिस्टी. १९९९ मध्ये चकच्या मेंदूच्या देठात (ब्रेनस्टेम) गाठ आढळली आणि १३ डिसेंबर २००१ ला, वयाच्या ३४ व्या वर्षी तो गेला.

ऐकायला सुरुवात मात्र 'सिम्बॉलिक' (१९९५) पासून करा. आवाज स्वच्छ आहे, चाली लक्षात राहतात.

प्रश्न : 'डेथ'ची गाणी वाजवताना माझी गिटार रेकॉर्डिंगशी जुळत नाही. तारा उतरवल्या तर सूर हलतो.

उत्तर : सहाही तारा एक पूर्ण स्वर खाली हव्यात : जाड तारेपासून डी, जी, सी, एफ, ए, डी. तुमचा संच ९-४२ चा (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात) असेल तर उतरवल्यावर तो ढिला पडतो. पिक जोरात मारला की तार क्षणभर ताणली जाते आणि सूर चढतो. १०-५२ चा संच लावा. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) जुन्या खाचेत अडकू शकते; ट्यून करताना 'टिक' असा आवाज आला तर खाच किंचित रुंद करून घ्या, खोल नको. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसती स्पर्शून येणारा स्वर) आणि तिथेच दाबून येणारा स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे सरकवा, उतरलेला असेल तर पुढे. फ्लोटिंग ब्रिज (स्प्रिंगांवर तोललेला, हलणारा ब्रिज) असेल तर आधी मागच्या स्प्रिंगांचा ताण जुळवा. ब्रिज समपातळीत आल्याशिवाय सॅडलला हात लावणं फुकट.

आणि अँपचा गेन (आवाज खरखरीत करणारी कळ) कमी ठेवा. जलद रिफ गढूळ वाजतात त्याला बहुतेक वेळा तोच कारण असतो, बोटं नव्हेत.