घरात वापरलं म्हणून ते ‘घरगुती’ ठरत नाही

प्रश्न : आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो. मुलगा वीस वर्षांचा, सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला जुना लॅपटॉप घेऊन दिला. नकाशे काढायचं सॉफ्टवेअर दुकानदारानेच ‘टाकून दिलं’ आणि बजावलं, ‘हे उघडताना नेट बंद ठेव.’ वर्षभरापासून मुलगा दोन कंत्राटदारांना घरांचे प्लॅन काढून देतो, प्लॅनमागे हजार-बाराशे मिळतात. आता ईमेलवर सॉफ्टवेअर कंपनीच्या वकिलांची नोटीस आली आहे : सात दिवसांत ३,६०,००० रुपये भरा, नाहीतर धाड आणि अटक. लॅपटॉप फॉरमॅट करून टाकू का? वापर तर घरातलाच आहे ना?

उत्तर : फॉरमॅट करू नका. पुरावा समोर येऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय त्याने हाती काही लागणारही नाही. अशी बरीच सॉफ्टवेअर्स नेट सुरू होताच मशीनची ओळख कंपनीकडे पाठवतात, म्हणजे नोंद तिकडे झालेली असू शकते. मुलाने ते सॉफ्टवेअर आजपासून उघडायचं नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टच्या फायली पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या (कॉपी करणं म्हणजे पुसणं नव्हे) आणि लॅपटॉप कपाटात ठेवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-बी प्रमाणे, बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर विशेष कारणं नोंदवून न्यायालय कैद टाळू शकतं आणि केवळ ५०,००० रुपयांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. म्हणजे कायदा वापर कुठे झाला ते बघत नाही, कशासाठी झाला ते बघतो. मुलगा फक्त प्रोजेक्ट करत असता तर ही सवलत मी ठामपणे मागितली असती. पण कंत्राटदारांचे पैसे आले आहेत आणि ते यूपीआयने आले असतील तर तारीखवार दिसतील. ‘नेट बंद ठेव’ हे दुकानदाराचं वाक्यही ‘आम्हाला माहीत नव्हतं’ या बचावाला कमकुवत करतं. हे तुम्हाला आत्ताच कळलेलं बरं.

पण म्हणून घाबरून जाऊ नका. वकिलांची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे आणि ३,६०,००० हा आकडा कोणत्याही न्यायाधीशाने ठरवलेला नाही. कंपनीचा माणूस किंवा वकील स्वतःहून तुमच्या घरात शिरू शकत नाही. जप्तीचा अधिकार कॉपीराइट कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या पोलीस अधिकाऱ्याला आहे. दिवाणी दाव्यात न्यायालयाने नेमलेला कमिशनर (तपासणीसाठी पाठवलेला न्यायालयाचा प्रतिनिधी, पोलीस आयुक्त नव्हे) येऊ शकतो. त्याच्याकडे आदेशाची प्रत मागा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक होत नाही, पोलिसांनी सहसा आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे चौकशीला हजर राहण्याची, नोटीस द्यायची असते. तरी गाफील राहू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ चा, म्हणजे कॉपीराइट भंगाचा, गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही) असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे, आणि ६३-बी ची कमाल शिक्षा तेवढीच आहे.

नोटीस खरी आहे का, हे आधी तपासा. नोटिशीतल्या नंबरवर फोन करू नका, कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या पत्त्यावर लिहून विचारा. बनावट निघाली तर सायबर पोलिसांकडे जा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. खरी असेल तर वकिलामार्फत लेखी उत्तर द्या : कंपनीचं अधिकारपत्र, कोणती आवृत्ती, कोणत्या तारखा, रक्कम कशी काढली, सगळं मागा. त्या उत्तरात कबुलीचं एकही वाक्य नको. फोनवर तर बोलूच नका.

तुमच्या परिस्थितीत मी तडजोडीचा सल्ला देईन. मुलगा विद्यार्थी आहे, कमाई किरकोळ आहे, हे मांडून रक्कम खाली आणण्याचा प्रयत्न करता येतो. पैसे फक्त कंपनीच्या खात्यात, जीएसटी बिलासह, आणि मागचे सर्व दावे मिटल्याचा सहीचा करार हातात आल्यावरच.

दुकानदाराचं बिल आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं जपून ठेवा. त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची असते, तेव्हा बिलावरची तारीख आजच बघा.

कंत्राटदारांचं काम थांबवायची गरज नाही. लिब्रेकॅड, फ्रीकॅड ही नकाशे काढायची मुक्त सॉफ्टवेअर्स फुकट आहेत आणि त्यांवर पैसे घेऊन काम करायलाही परवानगी आहे. काही कंपन्या विद्यार्थ्यांना मोफत आवृत्ती देतात, पण ती अभ्यासापुरती. तिच्यावर कंत्राटदाराचा प्लॅन काढला की पुन्हा हाच प्रश्न उभा राहील.

आणखी एक. मुलगा सज्ञान आहे आणि वापर त्याने केला आहे. बाप म्हणून तुमचा जीव तुटतो हे समजतं, पण ‘मी भरतो’ असं स्वतःच्या नावाने कुठेही लिहून देऊ नका. वकिलाकडे त्याला घेऊन जा, आणि नोटिशीचे सात दिवस संपायच्या आत जा.