कांदा महागला की कांद्याला भाव मिळाला?

मजकूर कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यातून काय गाळलं, हे मुलांनी ओळखणं म्हणजे चिकित्सक साक्षरता. ती गटचर्चेतून शिकवताना येणाऱ्या अडचणींबद्दल नाशिक जिल्ह्यातून आलेले हे प्रश्न.

चौथीच्या मुलांना कोणता मजकूर द्यावा? धडा घेतला तर सगळे एकच उत्तर देतात. (शिक्षिका, निफाड तालुका)

दोष बहुधा धड्याचा नसतो, प्रश्नाचा असतो. ‘यातून काय बोध मिळतो?’ असं विचारलं की बाईंना हवं असलेलं उत्तर मुलं बरोबर ताडतात. लासलगावची बाजार समिती तुमच्याच तालुक्यात आहे. फळ्यावर शेजारी शेजारी दोन मथळे लिहा: ‘कांदा महागला, गृहिणी हैराण’ आणि ‘कांद्याला चांगला भाव, शेतकरी सुखावला’. दोन्ही एकाच दिवसाचे, एकाच भावाचे असू शकतात हे आधी सांगू नका.

मग विचारा: पहिला मथळा वाचून कोणाची दया येते? लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणता वाचक होता? शेतकऱ्याच्या घरी गृहिणी नसते का? (इथे वर्ग हसतो आणि मग विचारात पडतो.) दोन्हींत कोणाचं नावच नाही? या शेवटच्या प्रश्नाला घाई करू नका. हमाल, व्यापारी, कांदा काढायला जाणारी मजूर बाई ही नावं मुलांच्या घरांतूनच येतात. शेवटी प्रत्येक गटाने आपला तिसरा मथळा लिहायचा, फक्त सहा शब्दांत. मर्यादा सैल ठेवली तर मुलं सगळंच लिहून मोकळी होतात, काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवायची वेळच येत नाही.

वर्गात ४२ मुलं. गोंगाट होतो आणि बोलतात तिघेच. (शिक्षक, सातपूर)

चार-चारांचे आठ गट आणि पाच-पाचांचे दोन करा. गट सहाचा झाला की कडेचे दोघे प्रेक्षक होतात. आधी दोन मिनिटं सगळे गप्प, प्रत्येकाने आपलं उत्तर वहीत एका ओळीत लिहायचं. ही पायरी वगळली तर हुशार मुलाचं पहिलं वाक्यच गटाचं मत ठरतं. मग प्रत्येकाला तीन चिंचोके द्या. बोललं की एक मधे टाकायचा. पहिल्या दिवशी मुलं ‘मलापण तसंच वाटतं’ म्हणून चिंचोके संपवतात, म्हणून मजकुरातला शब्द बोटाने दाखवल्याशिवाय चिंचोका टाकता येणार नाही, असा नियम ठेवा. चर्चा आठ मिनिटं. दहाही गटांना सादर करायला लावलं तर तास त्यातच संपेल. तीन गटांना बोलवा, बाकीच्यांनी ‘आमचं वेगळं काय’ तेवढंच सांगायचं. थोडा गोंगाट राहणारच, तो चालू द्या.

आमची मुलं घरी कोकणी (डांगाकडची) बोलतात. चर्चेत तोंड उघडत नाहीत. (शिक्षक, सुरगाणा)

गटात घरच्या भाषेत बोलू द्या, प्रमाण मराठी फळ्यावर मांडण्यापुरती. मधेच शब्द दुरुस्त केला की मूल पुढचं वाक्य गिळतं. मजकूर तुम्हीच दोनदा मोठ्याने वाचा. अक्षरांवर अडणारं मूलही अर्थावर छान बोलतं. एखाद्या शब्दाशेजारी मुलांचा घरचा शब्द लिहा आणि ‘पुस्तकात यातला एकच का?’ यावरच चर्चा घ्या.

मुलगी घरी प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून?’ विचारते. उद्धट तर होणार नाही? (पालक, पंचवटी)

नाही. मात्र पुरावा तिनेही द्यायचा असतो, हे तिला सांगा. ‘मला तसं वाटत नाही, कारण इथे असं लिहिलंय’ हे वाक्य सवयीचं करा. ‘कारण’पुढे काही सुचलं नाही तर थांबायचं. सरावाला बिस्किटाचा पुडा पुरतो. मागच्या यादीत घटक जास्तीकडून कमीकडे छापलेले असतात. पुढे बदामाचं चित्र असेल, तर यादीत बदाम कितवा येतो ते तिलाच शोधू द्या.