डब्यात शिरलेला सिंह

प्रश्न : माझे आजोबा मिरज जंक्शनवर नोकरीला होते. रात्रपाळी नसली की अंगणात बाजेवर बसून ते आफ्रिकेतल्या शिकारीची एक गोष्ट सांगत. नदीवरच्या पुलाचे काम, मजुरांना तंबूतून ओढून नेणारे दोन सिंह, रेल्वेच्या डब्यात दबा धरून बसलेले तीन साहेब आणि सिंह आत येताच आपोआप लागलेले दार, एवढेच मला आठवते. ही गोष्ट खरी आहे का? त्या सिंहाचे पुढे काय झाले?
– एक वाचक, मिरज (जि. सांगली)

उत्तर : आपल्या आठवणीत दोन घटना एकत्र झाल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. ब्रिटिश अभियंते जे. एच. पॅटर्सन यांच्या १९०७ साली निघालेल्या ‘द मॅन-ईटर्स ऑफ त्सावो’ या इंग्रजी पुस्तकात दोन्ही येतात, त्यामुळे सांगणाऱ्याने त्या एका सुरात सांगितल्या असल्यास नवल नाही.

पूल आणि दोन सिंह आजच्या केनियातल्या त्सावो नदीवरचे. मोंबासाहून निघालेल्या युगांडा रेल्वेच्या बांधणीसाठी सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून गेले होते, आणि त्सावोला बळी पडलेल्यांत आपलीच माणसे पुष्कळ होती. पुलाचे काम पाहणाऱ्या पॅटर्सन यांनी डिसेंबर १८९८ मध्ये दोन्ही सिंह मारले. आयाळ नसलेले ते नर आज शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत.

डब्याची घटना मात्र १९०० सालची, नैरोबीच्या वाटेवरील किमा स्थानकातली. रेल्वे पोलिसांचे अधिकारी रायल आणि त्यांच्यासोबतचे हुब्नर व पॅरेंटी असे तिघे तिथल्या नरभक्षक सिंहासाठी बाजूच्या रुळावरील डब्यात रात्री थांबले. पहारा रायल यांचा होता. बहुधा त्यांना डोळा लागला. डबा मुळातच थोडा कललेला असल्यामुळे सिंह आत येताच सरकते दार त्याच्यामागे बंद झाले. खाली निजलेल्या पॅरेंटींच्या अंगावर पाय देऊन त्याने रायल यांना धरले. वरच्या बाकावरचे हुब्नर सिंहाच्या पाठीवरूनच दुसऱ्या दाराकडे झेपावले, तर ते दार पलीकडून भेदरलेल्या मजुरांनी घट्ट धरून ठेवलेले. रायल यांना घेऊन सिंह खिडकीतून बाहेर पडला. बाकीचे दोघे वाचले. उतारावर उभ्या डब्याचे दार कसे सरकते हे आपल्या आजोबांना रोजच्या कामातून ठाऊक असणार, म्हणूनच इतर तपशील पुसट झाले तरी ते दार त्यांच्या सांगण्यात टिकले, असे मला वाटते.

पुढे हा सिंह सापळ्यात जिवंत सापडला. काही दिवस त्याला लोकांना पाहण्यासाठी ठेवले आणि मग गोळी घालून मारले.